चिनी, ओरोमो आणि आईचे कान

१२ जानेवारी

पुण्याची मंडळी येऊन गेली. आमच्या सईचं जमलं म्हणायचं. मुलगा चांगला, त्याचे वडील अबोल, आई मनमोकळी. पोहे, संत्रा बर्फी, सगळं व्यवस्थित झालं. साखरपुडा नागपूरलाच, बावीस फेब्रुवारीला. सई रात्रीच्या गाडीने त्यांच्याबरोबरच परत गेली, उद्या तिचं ऑफिस आहे.

आईला सकाळीच सांगून ठेवलं होतं, त्यांच्यासमोर जरा कमी बोल. "काहून वं?" म्हणाली. मी म्हटलं, तुझं बोलणं त्यांना कळायचं नाही. खोटं. न कळायला काय झालं? मलाच नको होतं. कॉलेजात भाषाशास्त्र शिकवते, दरवर्षी पहिल्याच तासाला पोरांना सांगते की कुठलीही बोली अशुद्ध नसते, आणि घरी… असो.

आई बोललीच नाही मग. विहीणबाईंनी दोनदा विचारलं, "आजी, तब्येत काय म्हणते?" आई नुसती हसली, मान हलवली. निघताना त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "आजींना ऐकायला कमी येतं का हो?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, "हो, थोडं."

आई मागेच उभी होती. त्यांच्यासाठी बांधलेली संत्र्यांची पिशवी घेऊन.

१३ जानेवारी

सकाळी विचारलं, चहा ठेवू का? उत्तर नाही. परत विचारलं. तिने कानामागे हात धरला. "का म्हणलं? मले ऐकू येत नाही ना."

हसण्यावारी नेलं. वेड पांघरून पेडगावला चालली आहे, दोन दिवसांत उतरेल राग. पण दुपारी कॉलेजातून आले तर माझ्या पोळ्या फडक्यात गुंडाळून, वर तूप लावून ठेवलेल्या. याला राग तरी कसं म्हणायचं?

१७ जानेवारी

राग उतरलेला नाही. माझ्यापुरती बहिरी आहे. शेजारणीशी, भाजीवाल्याशी, टीव्हीतल्या बायकांशी नीट बोलते.

कामाचं. चर्चासत्राचा निबंध फेब्रुवारीत वाचायचा आहे. विषय मीच मागून घेतला: चिनी आणि ओरोमो यांची तुलना. विभागप्रमुख सर म्हणाले, ह्याच दोन काहून? मी काहीतरी भारदस्त उत्तर दिलं. खरं कारण, ह्याच दोन हाताशी होत्या. चिनीसाठी धरमपेठेतली यान. इथल्या इंजिनीयरशी लग्न करून आली, घरी चिनीचे वर्ग घेते. ओरोमोसाठी तोलेरा. इथिओपियाचा, शेतीशास्त्रात पीएच.डी. करतो, तीस-बत्तीसचा, गावी बायको आणि लहान मुलगी. यापुढे चि. आणि ओ. एवढंच लिहीन.

पहिलं वाक्य, मी पाणी पितो. चि. मध्ये पाणी शेवटी: वो ह श्वेइ. ओ. मध्ये आपल्यासारखं, पिणं शेवटी: आनी बिशान नन धुगा. त्यातला ध तोलेरा श्वास आत ओढून म्हणतो, मला येत नाही. चि.चं क्रियापद ढिम्म. मी असो, तू असो, काल असो, उद्या असो, ते आपलं जागच्या जागी. ओ.चं मात्र माणूस बदलला की शेपूट बदलतं.

कॉलेजच्या बाहेर रस्ता खोदलाय, रेकॉर्डिंगमध्ये सगळी धडधड. तोलेराला घरीच बोलावते.

२० जानेवारी

तोलेरा आला. शंभरेक शब्द झाल्यावर पाणी प्यायला म्हणून आत गेला तो येईचना. बघायला गेले. ओट्यापाशी उभ्याउभ्या वांग्याची भाजी खात होता.

"आजी, मले अजून थोडी देजो."

"तिखट लागून राहिलं का गा?"

"नाही. आमच्या घरी याच्याहून तिखट खातात."

"मंग खाय ना. वाळून गेला पोट्टा. तुही माय पाहीन तर का म्हणन मले?"

मराठी मेसमध्ये शिकला म्हणे. मी दारात उभी. आईचं किती दिवसांनी इतकं बोलणं ऐकलं. बरं वाटलं आणि लगेच वाईट वाटलं, कारण तिने मला पाहिलं, तोंड मिटलं आणि नळ सोडून भांडी घासायला लागली. तोलेरा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला.

नंतर टेबलाशी त्याने माझा तक्ता वाचला. तिसऱ्या रकान्यात तुलनेसाठी मराठी घातली आहे. म्हणाला, "मॅडम, हे मला-तुला कोण बोलते? मेसमध्ये तर कोणीच नाही." मी म्हटलं, ही प्रमाण मराठी. तो म्हणाला, अच्छा, आणि पुढे काही विचारलं नाही.

२३ जानेवारी

यानकडे. एकच अक्षर तिने चार सुरांत म्हणून दाखवलं. मला चारही सारखेच. तिने परत म्हटलं, हाताने वर-खाली करून. मी आपली अंदाजपंचे सांगत होते. शेवटी ती हसायला लागली. "सुधाजी, तुम्हाला ऐकूच नाही येत ना."

थट्टेत म्हणाली. माझा चेहरा उतरला असणार, कारण तिने लगेच चहा टाकला. चोराच्या मनात चांदणं.

चहा पिताना म्हणाली, "तुम्ही बरोबर दोन अशा भाषा पकडल्या की त्यांचा एकमेकींशी काही संबंध नाही. कोणी चूक काढणार नाही." सगळंच ओळखते ही. मी तिच्या आजीबद्दल विचारलं. आजीची बोली वेगळीच, यानच्या शाळेत फक्त प्रमाण चिनी. आजी फोन करायची तेव्हा यान अर्ध्याहून जास्त नुसतं हो-हो म्हणायची. मग मोठी झाल्यावर लाइन खराब आहे म्हणून फोन ठेवायची. "लाइन एकदम चांगली होती," म्हणाली. बिस्किटांचा डबा पुढे सरकवला.

टीप: चि. कानाकडे सुराची उंची मागते, ओ. स्वराची लांबी. ओ. मध्ये स्वर किती वेळ धरला यावर शब्द ठरतो. ती लांबी मला ऐकू येते, निदान थोडीफार.

२५ जानेवारी

विहीणबाईंचा फोन. इतक्या प्रेमाने बोलतात की… "सुधाताई, आमच्या सासूबाईंना कानाच्या यंत्राने केवढा फरक पडला म्हणून सांगू. तसंच एक आजींसाठी पाठवलंय. माझी भेट समजा. साखरपुड्यात त्यांना सगळं ऐकू यायला हवं."

तेव्हाच सांगायचं होतं. अहो, त्यांना ठणठणीत ऐकू येतं, मी खोटं बोलले. एवढंच वाक्य. मी म्हटलं, "अहो कशाला इतका त्रास."

२८ जानेवारी

यंत्राचं पार्सल आलं. आईनेच घेतलं, उघडलं, चष्मा लावून सगळं पाहिलं. डबी टीव्हीशेजारी ठेवली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, "पाठोणारी बाई चांगली हाये. खोटं तिले का मालूम."

मी समोरच होते. भिंतीला सांगितलं तिने.

सईला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, आजी शाळेच्या गॅदरिंगला यायची तेव्हापण तू तिला मागे बसवायचीस." मला आठवत नाही. म्हणजे आठवतं.

३१ जानेवारी

आज ओ. मधला आदर. एकट्याचे आभार मानायचे तर गलातोमी, मोठ्या माणसाचे किंवा पुष्कळांचे तर गलातोमा. म्हणजे मोठ्यांना अनेकवचन, आपल्यासारखंच. सकाळी भेटल्यावर विचारतात, रात्र कशी गेली? बरोबरीच्याला आक्कम बुल्ते, मोठ्याला आक्कम बुल्तन. चि. मध्ये तू म्हणजे नी, आदराचं नीन, बाकी वाक्य जसंच्या तसं. आणि भेटल्यावर जुनी माणसं विचारतात, जेवलात का. यानची सासू पण तेच विचारते, त्यामुळे तिला परकं वाटलं नाही म्हणे.

तोलेरा घरात शिरला की आईला आक्कम बुल्तन म्हणतो, भर दुपारी. आई म्हणते, "हाव गा, झोपली होती मस्त." दोघांचं छान चाललंय.

मग त्याने वडलांची गोष्ट सांगितली. त्यांच्या लहानपणी शाळेत ओ. चालत नसे. घरी तीच एक भाषा, शाळेची भाषा वेगळी. पहिल्या दिवशी पोरगा ओ. मध्ये काहीतरी बोलला, छडी बसली. मग त्याने वर्षभर तोंडच उघडलं नाही. वर्षअखेरीस मास्तर आजोबांना म्हणाले, मुलगा मुका आहे, गुरं राखायला न्या. आजोबा वाटेने हसत हसत आले म्हणे, कारण हा मुका घरी कोणाला पाच मिनिटं गप्प बसू देत नव्हता. त्यांच्या घरची आवडती गोष्ट आहे, प्रत्येक सणाला कोणीतरी सांगतंच. तोलेरा पण हसतच सांगत होता.

मला हसता येईना. आई आत डाळ घोटत होती. घोटणं थांबलं होतं.

ही गोष्ट निबंधात घालता आली असती. सामाजिक पार्श्वभूमी म्हणून एक परिच्छेद. घालणार नाही. कुठल्या तोंडाने घालू?

३ फेब्रुवारी

आई खाप्याला गेली, मामाकडे. आधी काही बोलली नाही, बॅग भरून सोफ्यावर बसली होती. मामा गाडी घेऊन आला तेव्हा मला कळलं. यंत्राची डबी हँडबॅगेत टाकताना पाहिलं. फ्रिजमध्ये दोन दिवसांची भाजी, कणीक मळलेली.

मामा म्हणाला, "का झालं वं तुम्हा दोघींचं?" मी म्हटलं, काही नाही, हवापालट. आईने मामाला सांगितलं, "तिले म्हणा, दुधाचे पैसे देऊन टाकले." मी हातभर अंतरावर होते.

घर फार शांत आहे. हे कामाच्या साइटवर छत्तीसगडला, थेट साखरपुड्यालाच येतील. फोनवर सांगितलं तर म्हणाले, अगं, सांगून टाक की विहीणबाईंना खरं. जसं काही सोपं आहे.

६ फेब्रुवारी

नात्यांचे शब्द. आईचा भाऊ: ओ. एस्सुमा, चि. ज्यूज्यू. बापाची बहीण: ओ. अदादा, चि. गूगू. इंग्रजीसारखं सगळ्यांना एकाच पोत्यात भरत नाहीत. मामा तो मामा, काका तो काका. चि. मध्ये तर बापाचा थोरला भाऊ वेगळा, धाकटा वेगळा. तक्त्यात हा एकच भाग असा की तिन्ही रकाने एकमेकांना ओळखतात.

तोलेरा म्हणाला, त्याच्या गावी बाई माहेरी जाऊन बसली की सासरच्यांना समजतं, काही बिघडलंय. मग मोठी माणसं आणायला जातात आणि आधी चूक कोणाची ते बोलून घेतात. तसंच कोणी उठून चला म्हणत नाही. आणि मग मला विचारलं, "आजी काहून गेल्या?"

मी सांगितलं. कुणालाच नीट सांगितलं नव्हतं, याला सांगितलं, हॉलमध्ये रेकॉर्डर बंद करून. तो म्हणाला, "मी तुम्हाला वडलांची गोष्ट सांगायला नको होती." त्याला वाईट वाटलं, माझ्यासाठी! मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० फेब्रुवारी

विहीणबाईंना फोन केला. सांगायचंच असं ठरवून. हॉलचं बोलणं झालं, जेवणाचं झालं. पुरणपोळी की बासुंदी. मग म्हणाल्या, "आजींचं यंत्र कसं आहे?"

"वापरतात," म्हटलं.

आता हे दुसरं. पहिलं तोंडातून निसटलं होतं. हे विचार करून बोलले.

भीती कसली आहे? त्या मला वाईट म्हणतील याची नाही. त्या विचारतील, मग आजी बोलल्या का नाहीत? आणि त्याचं उत्तर द्यावं लागेल. की मला माझ्या आईच्या तोंडच्या भाषेची लाज वाटली. ज्या भाषेत मी पहिलं पाणी मागितलं असेल तिची.

१४ फेब्रुवारी

खाप्याला फोन. मामाने घेतला. म्हटलं, आईला दे. मागून आईचा आवाज स्वच्छ ऐकू आला, "मले फोनवर ऐकू येत नाही म्हणा."

मग मामा दुभाषा झाला. मी सांगायचं, त्याने मोठ्याने परत सांगायचं, आईचं उत्तर पुन्हा मला. खाप्याच्या अंगणातून खाप्याच्याच अंगणात भाषांतर.

मी: म्हणावं साखरपुड्याला यायचंय.

मामा: "येते म्हणते."

मी: आणायला मी येते, एकवीसला.

मग मामा, जरा हळू: "सुधे, ते विचारून राहिली का, येऊ तर कशी येऊ. बहिरी येऊ का ऐकणारी येऊ. तू सांगशील तशी येते म्हणते." आणि स्वतःचं म्हणून, "मले काहून मधात घेतलं वं तुम्ही मायलेकींनी."

मी म्हटलं, येऊन सांगते.

१७ फेब्रुवारी

निबंध वाचला. बरा झाला. यानने बजावलं होतं म्हणून सुरांचा भाग स्वतः म्हटला नाही, तिचा आवाज लावला. तोलेरा पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट.

नंतर एका बाईंनी विचारलं, तिसऱ्या रकान्यातले मराठी नमुने कुणाचे? मी म्हटलं, माझेच. त्या म्हणाल्या, तुम्ही इथल्याच ना, मग हे इथलं वाटत नाही. काही खोचक नव्हतं, सहज विचारलं. मी म्हटलं, हो, तो रकाना चुकला आहे. सगळ्यांना वाटलं नम्रता. टाळ्या.

घरी येऊन तो रकाना खोडला. नवीन भरायला कुणाकडे जाणार, ते माहीत आहे. पण आता तिच्यासमोर रेकॉर्डर घेऊन बसायला तोंड कुठून आणू. आणि बसलेच तर ती मला-तुला करेल, मला खूश करायला. तेच मी शिकवलंय तिला.

२१ फेब्रुवारी

खाप्याला जाऊन आले. तोलेराला बरोबर नेलं. आईनेच मामाकरवी निरोप दिला होता, "त्या पोट्ट्याले आणजो." मला वाटतं तिला वाटेत बोलायला कोणीतरी हवं होतं. आणि मोठी माणसं आणायला जातात ते त्याने मनावर घेतलं होतं. गाडीत गंभीर बसून होता, मांडीवर केळी.

मामाकडे पोचल्यावर त्यानेच आधी सांगितलं, आईसमोर उभं राहून, "आजी, मॅडमची चूक आहे. त्यांनी मले सांगितली." मामीने पदर तोंडाला लावला. मी म्हटलं, हो आई, माझी चूक आहे. नंतर बरंच काही ठरवलेलं होतं बोलायचं, ते आलं नाही. आई म्हणाली, "चला, जेवून घ्या." कोणाला उद्देशून ते कळलं नाही.

परतीला ती पुढे, माझ्या शेजारी. सावनेरपर्यंत मागे वळून तोलेराशी. त्याची लेक किती वर्षांची, बोलते का, आजीजवळ झोपते का. तो म्हणाला, फोनवर ती आता त्याच्याशी लाजते. आई म्हणाली, "लाजू दे. तू बोलत राहायजो. पोरं ऐकून राहतात."

पुढे मी धीर केला. आणि मला वाटलं, तिच्याच बोलीत म्हणावं. म्हटलं, "आई, मले माफ कर वं."

कानाला इतकं खोटं लागलं. पंचविसेक वर्षांत बोलले नाही, कुणाची तरी नक्कल करावी तसं. आई पहिल्यांदा माझ्याकडे वळली. हसू दाबलं तिने, मला दिसलं. "राहू दे," म्हणाली. "तुले नाही येत आता ते. तू आपलं तुह्यासारखं बोल."

माझ्याशी बोलली. मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

मग तिने विचारलं, "तिले सांगितलं का?"

"उद्या सांगते. त्या आल्या की सगळ्यांच्या आधी सांगते."

आईने हँडबॅग उघडली. डबी काढली, यंत्र काढलं, आरशात बघून कानात नीट बसवलं. केस वरून सारखे केले. "मंग सांगशील तवा तूच काढजो," म्हणाली. "मी नाही काढत."

घरी आल्यावर तोलेराने गेटपाशी दोघींना मिळून गलातोमा म्हटलं आणि गेला.

हे आले, सई आली, घर भरलंय. पुण्याची मंडळी उद्या अकराला हॉलवर. आई समोर बसून उद्याचे तांदूळ निवडते आहे, यंत्र कानात तसंच. जेवतानाही काढलं नाही. मी "आई" म्हटलं की मान वर करून बघते, वाट बघते. मी पुढे काहीच म्हणत नाही, मग पुन्हा ताटाकडे.